भूमिगत पथके, युद्धकालीन

शत्रूच्या किंवा परकीय सत्तेच्या अंमलाखालील प्रदेशातच राहून गुप्तपणे घातपात, टेहळणी व संदेशवहन करणाऱ्या लहान तुकड्यांना ही संज्ञा लावतात. त्यांचे तळ शब्दशः जमिनीखाली असतातच असे नाही. फ्रान्सच्या पाडावानंतर १९४० मध्ये कर्नल कॉलिन गबिन्झ याने जर्मन आक्रमणाच्या शक्यतेमुळे ब्रिटनमध्ये उभारलेल्या ‘सहायक पथकां’चे तळ मात्र खरोखरच भुयारी होते. नालीदार पत्र्याच्या कमानीखालची खोली, वर माती व झुडपे, झाकलेले दार आणि निसटण्यासाठी वेगळा बोगदा, अशी त्यांची रचना असे. आक्रमण झालेच नाही. १९४४ मध्ये ही पथके विसर्जित झाली.

त्याच युद्धकाळात ब्रिटिश सत्तेविरुद्ध पुण्यात उभ्या राहिलेल्या गटांना असे तळ खोदणे शक्य नव्हते व त्याची गरजही नव्हती. ९ ऑगस्ट १९४२ च्या धरपकडीनंतर अटक चुकविलेल्या कार्यकर्त्यांनी ‘भूमिगत’ हा शब्द रूढ केला, तो ‘ओळख लपवून वावरणारा’ या अर्थाने. तळ म्हणजे कोणाचे तरी राहते घर. अनेक बिऱ्हाडांच्या वाड्यात नवा चेहरा पाहुणा म्हणून खपून जाई. पण तोच फार दिवस दिसू लागला की चौकशी सुरू होई, म्हणून मुक्काम सतत हलवावा लागे. एस. एम. जोशी मुसलमानी वेशात वावरत. घर देणाऱ्या कुटुंबाचा धोका पाहुण्याहून कमी नसे; त्या कुटुंबांची नावे मात्र इतिहासात क्वचितच आढळतात.

पुणे हे लष्करी शहर होते. दक्षिण विभागाचे सैनिकी मुख्यालय, खडकीचा दारूगोळा कारखाना व देहूरोडचे कोठार जवळजवळ असल्याने बंदोबस्त कडक होता. परंतु स्फोटकेही तेथेच होती. देहूरोड येथे नोकरीस असलेले भास्कर पांडुरंग कर्णिक यांनी तेथून स्फोटक साहित्य बाहेर काढून सहकाऱ्यांना पुरविले. २४ जानेवारी १९४३ रोजी रात्री लष्कर भागातील कॅपिटॉल चित्रपटगृहात, गोऱ्या सैनिकांची गर्दी असताना, बाँबस्फोट झाला. बापू साळवी, हरी लिमये इत्यादी तरुणांची नावे या कटाशी निगडित आहेत. आठवड्याभरातच कर्णिक पकडले गेले. चौकशीत कोणाचे नाव तोंडून निघू नये म्हणून त्यांनी ३१ जानेवारी रोजी फरासखाना पोलीस चौकीत विष घेऊन प्राणत्याग केला. गुप्त संघटनेचे खरे संरक्षण तळाच्या भिंती नसून एका माणसाने दुसऱ्याविषयी बाळगलेले मौन असते, हे या घटनेत स्पष्ट दिसते.

मुंबईत ‘मूषक महाल’ या सांकेतिक नावाच्या घरावर एप्रिल १९४३ मध्ये छापा पडून एस. एम. जोशी, साने गुरुजी इत्यादी पकडले गेले. तेथील गुप्त काँग्रेस रेडिओ जागा बदलत सुमारे तीन महिने चालला व १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या हाती लागला. डोंगराळ भागातील तळही अभेद्य नव्हते. कर्जत परिसरात विजेचे मनोरे पाडणारे भाई कोतवाल व हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. सातारा जिल्ह्यातील प्रतिसरकार अधिक काळ टिकले. गावेच्या गावे त्याच्या पाठीशी होती, असा आधार शहरी गटांना नव्हता.

तारा तोडणे, रूळ उखडणे यांत जीवितहानी टाळता येते, या भूमिकेवर अनेक भूमिगतांनी आपल्या कार्याचे समर्थन केले. कॅपिटॉलच्या स्फोटाने ती मर्यादा ओलांडली, हे नाकारता येत नाही. खुद्द गांधीजी त्या वेळी पुण्यातच आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध होते. मे १९४४ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी भूमिगतांना उघडपणे प्रकट होण्याचा सल्ला दिला. काहींनी तो मानला. अच्युतराव पटवर्धन व अरुणा असफ अली १९४६ पर्यंत भूमिगतच राहिले. कॅपिटॉल पुढे ‘व्हिक्टरी’ या नावाने ओळखले जाऊ लागले. कर्णिकांचा स्मृतिस्तंभ फरासखान्याजवळ उभारण्यात आला.