संगणकाच्या राखणदारांचा आखाडा



उसाच्या बिलातून फी भरून आपण पोरांना इंजिनिअरिंगला घातले. सुट्टीला घरी आलेले पोर दोन दिवस, दोन रात्री संगणकापुढून हलत नाही, जेवणाचे ताटही तिथेच मागते, तेव्हा वडीलधारी मंडळी म्हणतात, "गेलं पोरगं वाया." दरवेळी तसे नसते. जगभरच्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या संगणक-सुरक्षेच्या स्पर्धा अशाच सलग चालतात. या स्पर्धा काय आहेत, आपल्या मुला-मुलींनी त्यांत का उतरावे आणि उतरताना कोणती मर्यादा पाळावी, याची माहिती सभासदांना असावी म्हणून हा लेख.

खेळ आहे तरी कसा?

या खेळाला 'कॅप्चर द फ्लॅग' म्हणतात. पोरांच्या तोंडी 'सीटीएफ'. आपण झेंडा पळवण्याचा खेळ म्हणू. संयोजक मुद्दाम कच्चे दुवे ठेवून प्रोग्रॅम तयार करतात आणि त्याच्या पोटात अक्षरांची एक ओळ लपवतात. ती ओळ म्हणजे झेंडा. ती शोधून दाखवली की गुण मिळतात.

प्रश्न नाना तऱ्हेचे असतात. सांकेतिक लिपीतला मजकूर उलगडायचा, वेबसाइटच्या पासवर्डला बगल देऊन आत शिरायचे, पुसून टाकलेली फाइल परत मिळवायची, किंवा तयार प्रोग्रॅम इंजिनासारखा खोलून तो आतून कसा चालतो ते पाहायचे. एकट्याला हे सगळे येत नाही. म्हणून संघ लागतो आणि संघात कामाची वाटणी लागते.

सरी फुटते तसे

कच्चा दुवा म्हणजे काय, ते आपल्या भाषेत पाहू. दारे धरणारा सरीत मावेल तेवढेच पाणी सोडतो. त्याला डुलकी लागली की सरी भरते, वरंबा फुटतो आणि पाणी भलतीकडे जाते. प्रोग्रॅमचेही असेच आहे. 'नाव लिहा' म्हणून त्याने ठरावीक अक्षरांची जागा राखलेली असते. आलेले नाव किती लांब आहे हे त्याने मोजलेच नाही, तर जादा अक्षरे लगतच्या जागेत सांडतात. तिथे बऱ्याचदा 'पुढचे काम कुठून सुरू करायचे' याचा पत्ता लिहिलेला असतो. चोर अक्षरे अशी बेतून पाठवतो की तो पत्ताच बदलतो. मग यंत्र मालकाला सोडून चोराचे ऐकू लागते.

ही नुसती कल्पना नव्हे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने एक आपोआप पसरणारा प्रोग्रॅम सोडला. त्याच्या शिरकावाच्या वाटांपैकी एक हीच होती. जागा ५१२ अक्षरांची आणि मोजदाद करणारा कुणी नाही! सुमारे ६,००० यंत्रे अडकल्याचा त्या वेळचा अंदाज आहे. १९९० साली कोर्टाने त्याला दोषी ठरवले. तीन वर्षे देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि दहा हजार डॉलरवर दंड, अशी शिक्षा झाली. पोरगा हुशार होता, पुढे प्राध्यापकही झाला. पण त्या वेळी त्याने दुसऱ्याच्या रानात पाऊल टाकले होते. स्पर्धेत हेच कसब परवानगीने, राखून ठेवलेल्या रानात दाखवता येते.

चालू गाळपात दुरुस्ती

सीटीएफचा दुसरा प्रकार जास्त कस पाहणारा आहे. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा विद्यापीठाचे प्रा. जोव्हानी व्हिन्या यांनी २००३ साली 'आयसीटीएफ' ही विद्यापीठांची स्पर्धा सुरू केली. देशोदेशीचे संघ आपापल्या विद्यापीठात बसून इंटरनेटवरून तीत उतरत. प्रत्येक संघाला सारखेच यंत्र मिळे आणि त्यावर सारख्याच सेवा चालत. कच्चे दुवेही सगळ्यांकडे तेच. आपले भोक शोधून बुजवायचे आणि इतरांनी ते बुजवण्याआधी त्यांचा झेंडा आणायचा.

कुणी म्हणेल, यंत्रच बंद करून ठेवले की चोर येणार कुठून? संयोजकांनी तिथेच मेख मारलेली असते. तपासनीस प्रोग्रॅम थोड्या थोड्या वेळाने येऊन सेवा नीट चालू आहे का ते पाहतो. सेवा बंद दिसली की गुण गेले. आपल्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको. हंगामात मिलमध्ये बिघाड निघतो, तेव्हा काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असते आणि तोडलेला ऊस वाळत असतो. कमीत कमी खोळंबा करून दुरुस्ती करतो तोच खरा फिटर. बँक, दवाखाना, वीजमंडळ यांच्या संगणकांनाही असाच फिटर लागतो.

आपला काय संबंध?

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे प्रकरण आठवा. ऑगस्ट २०१८ मध्ये दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ११ तारखेला २८ देशांतील एटीएमवर बनावट कार्डे चालली. एटीएमकडून 'पैसे द्यावेत का?' असा प्रश्न येतो. चोरांनी तो बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत पोहोचू न देता खोट्या यंत्रणेकडून 'द्या' असे उत्तर दिले. १३ तारखेला १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यावर वळवले गेले. ग्राहकांची खाती सुरक्षित आहेत, असे बँकेने जाहीर केले. पण सहकारी बँकेचा स्वतःचा पैसा म्हणजे तरी कुणाचा? सभासदांचाच की!

आज काट्याचे वजन संगणकावर, उसाचे बिल बँकेत, सोसायटीचे कर्जही संगणकावर. राखणदार आपल्याच घरातला असेल तर काय वाईट?

उतरायचे कसे?

'सीसॉ' ही नावाजलेली स्पर्धा प्रा. नासिर मेमन यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कजवळ नव्हे, थेट त्या शहराच्या ब्रुकलिन भागात २००३ साली सुरू झाली. तिथले अभियांत्रिकी महाविद्यालय आज न्यूयॉर्क विद्यापीठाचा भाग आहे. स्पर्धेचा मोठा भार विद्यार्थीच उचलतात. पात्रता फेरी साधारणपणे सप्टेंबरात, ४८ तासांची असते. ती घरबसल्या खेळता येते. अंतिम फेरी नोव्हेंबरात, म्हणजे आपला बॉयलर पेटून गाळप सुरू होते त्या सुमारास. २०१६ पासून भारतातील संघांसाठी कानपूरच्या आयआयटीत फेरी भरू लागली, त्यामुळे अमेरिकेच्या तिकिटाची अडचण राहिली नाही.

केरळातील अमृता विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा 'बायोज' संघ अशा जागतिक स्पर्धांत नाव कमावून आहे. तिथूनच २०१० साली 'इनसीटीएफ' ही देशी स्पर्धा सुरू झाली. अगदी नवख्यांसाठी अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाची 'पिकोसीटीएफ' आहे. ती २०१३ साली सुरू झाली. शाळकरी मुलांनाही झेपेल अशा प्रश्नांपासून सुरुवात होते आणि पैसे पडत नाहीत.

तयारीला सी आणि पायथॉन या भाषा, लिनक्सची ओळख आणि नेटवर्कची माहिती हवी. मराठी शाळेतून आलेल्या मुलांनी इंग्रजीला बिचकू नये. इथे भाषणे करायची नसतात. स्पर्धा संपली की पुष्कळ संघ आपण प्रश्न कसा सोडवला ते लिहून सर्वांसाठी खुले करतात. ते वाचून, स्वतः करून पाहावे. पहिल्या वर्षी एक-दोनच झेंडे हाती लागले तरी नाउमेद होऊ नये. तालमीत पाठीला माती लागल्याशिवाय कुणी पैलवान झालेला नाही.

एक मर्यादा मात्र कडक पाळावी

खेळात जे चालते, ते बाहेर गुन्हा ठरते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ प्रमाणे दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय, वाईट हेतूने शिरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. "गंमत म्हणून कॉलेजच्या संगणकातले मार्क बघितले," ही सबब देऊन पोलिसांपुढे सुटका होईल या भ्रमात राहू नये. एखाद्या संस्थेच्या यंत्रणेत दोष सहज नजरेला आला, तर त्यात हात न घालता त्या संस्थेला किंवा केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या कार्यालयाला कळवावे.

पालक सभासदांना एवढेच सांगणे की, पोर रात्र जागत असेल तर त्याच्याजवळ बसून विचारा, "कुठली स्पर्धा आहे? परवानगी कुणाची? संघात कोण कोण आहे?" उत्तरे सरळ आली तर चहाचा कप पुढे ठेवा. सरळ आली नाहीत तर तिथल्या तिथे कान धरा. रानात राखण कशी करायची हे आपण पिढ्यान्पिढ्या पोरांना शिकवत आलो. आता रान बदलले आहे, तर राखणीची ही नवी विद्याही त्यांना शिकू द्या.