दावडीची पागा आणि डॉन्कॅस्टरचें मैदान

चाकण ज्या खेड तालुक्यांत मोडतें, त्याच तालुक्यांत दावडी हें गांव आहे. बडोद्याच्या गायकवाड घराण्याचा मूळ पुरुष दामाजी याच गांवचा पाटील. तळेगांवच्या सेनापति खंडेराव दाभाड्यांच्या पदरीं राहून त्यानें १७२० सालीं बाळापूरच्या लढाईंत नांव मिळविलें. पुढें त्याचा पुतण्या पिलाजी यानें सोनगडास ठाणें करून गुजराथेंत पाय रोविला. घोड्याच्या पाठीवर मिळविलेल्या या राज्याच्या अखेरच्या वर्षांतही घोड्यांचें एक प्रकरण आहे. राजकीय इतिहासांत तें सहसा येत नाहीं. म्हणून त्याचा खुलासा येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शर्यतीच्या विलायती घोड्यास 'थरोब्रेड' म्हणतात. या जातीची नरपरंपरा बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन या पूर्वेकडून नेलेल्या तीन घोड्यांपर्यंत पोंचते. १७९१ सालीं वेदर्बी यानें या घोड्यांची वंशबही प्रथम छापली. आमच्याकडील कित्येक वंशावळी वतनाचा तंटा पडल्यावर लिहिल्या गेल्या, म्हणून त्या पारखून घ्याव्या लागतात. वंशबहींत मात्र शिंगराचे आईबाप तें मैदानावर उतरण्यापूर्वींच नमूद होतात. पुढें त्याचा पराक्रम त्या नोंदीशीं ताडून पाहतां येतो.

मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर १९४३ सालीं पहिली हिंदी डर्बी झाली. ती जिंकणारी 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' ही घोडी महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांची होती. घरीं असें यश असतां महाराज विलायतेस कां वळले? हिंदी डर्बी या देशांत जन्मलेल्या घोड्यांपुरती होती. पैदाशीचा जगांतील मोठा बाजार त्या वेळीं न्यूमार्केटकडे पाहून भाव ठरवीत असे. तेथें जिंकलेल्या घोड्याच्या शिंगरांसही मोल येई. महाराजांनीं न्यूमार्केटजवळ वॉरन प्लेस ही पागा घेऊन सॅम आर्मस्ट्राँग यांस शिक्षक नेमिलें.

१९४५ सालीं 'दान्ते' या घोड्यानें इंग्लंडची डर्बी जिंकली. त्याच वर्षीं त्याचा सख्खा धाकटा भाऊ लिलावास आला. बाप निआर्को, आई रोझी लेजंड. महाराजांनीं त्या एका वर्षाच्या शिंगरास २८,००० गिनी दिल्या व आपल्या आजोबांचें 'सयाजीराव' हें नांव ठेविलें. १९४७ सालीं एक मैलाच्या टू थाउजंड गिनीजमध्यें तो तिसरा आला. दीड मैलाच्या डर्बींतही तिसराच. तथापि आयर्लंडची डर्बी त्यानें जिंकली, आणि डॉन्कॅस्टर येथील सेंट लेजर या पावणेदोन मैलांहून लांब शर्यतींतही तो पहिला आला.

उलट, महाराजांच्याच 'माय बाबू' या घोड्यानें १९४८ सालीं टू थाउजंड गिनीज जिंकली, पण डर्बींत तो पहिल्या तिघांतही नव्हता. पुन्हां एक मैलाच्या ससेक्स स्टेक्समध्यें त्यानें यश मिळविलें. दोघांचेंही कुल थोर. भेद पडला तो पल्ल्याचा. वंशावळ घोड्यास मैदानाच्या दारापर्यंत नेते. कोणत्या मैदानावर त्यास उभें करावें हें धन्यानें व शिक्षकानें पाहावयाचें असतें.

ज्या सयाजीरावांचें नांव घोड्यास दिलें, त्यांचा इतिहासही हेंच सांगतो. १८७५ सालीं मल्हाररावांस पदच्युत केल्यावर कवळाण्याचा एक शेतकरी मुलगा दत्तक घेतला गेला. पिलाजीचा वंशज म्हणून तो निवडीस पात्र ठरला. परंतु त्या वंशाचे पुरुष आणखीही होते. त्याचें नांव राहिलें तें पुढील राज्यकारभारामुळें.

१ मे १९४९ रोजीं बडोदें मुंबई प्रांतांत विलीन झालें; १९५१ सालीं भारत सरकारनें प्रतापसिंहरावांची मान्यता काढून घेतली. राज्याची परंपरा अशी खुंटली, घोड्याची चालू राहिली: सयाजीरावाचा पुत्र 'इंडियाना' यानें १९६४ सालीं, बापाप्रमाणेंच, सेंट लेजर जिंकली. दावडीच्या पाटलाच्या घराण्याची ही नोंद विलायतेच्या वंशबहींत पडून आहे. ती तेथून आपल्या इतिहासांत आणावी, एवढाच या टिपणाचा हेतु.