सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील ऑपरेटरचे प्रशिक्षण

मागील पाठात आपण सक्रिय गाळ प्रक्रियेच्या टाक्यांचे आकारमान काढले. त्या टाक्या रात्रपाळीत ऑपरेटर चालवतो, आणि त्याला आपला पाठ कोणी शिकवलेला नसतो. या पाठात त्याच्या प्रशिक्षणाचा विचार करू.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाच्या शहरी भागात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. उभारलेली प्रक्रिया क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर आहे, पण प्रत्यक्ष वापरली जाते ती २०,२३५. या तफावतीला गटारांचे अपुरे जाळे, वीज, निधी अशी कारणे आहेत. सगळे खापर प्रशिक्षणावर फोडता येणार नाही. मात्र चालू असलेले केंद्र नीट चालते का, हे बरेचसे ऑपरेटरच्या हातात असते.

कायद्याला हे ठाऊक आहे. १९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमाच्या कलम १६ मध्ये प्रदूषण नियंत्रणाचे काम करणाऱ्यांचे प्रशिक्षण आयोजित करणे हे केंद्रीय मंडळाचे एक काम सांगितले आहे. २०१७ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने हरित कौशल्य विकास कार्यक्रमही सुरू केला. अडचण असते ती प्रशिक्षणाच्या पद्धतीत. सभागृहातील एक दिवसाच्या कार्यशाळेला बहुधा व्यवस्थापक जातात, प्रमाणपत्र घेऊन येतात. ऑपरेटर त्या दिवशीही पाळीवरच असतो.

त्याला काय शिकवायला हवे, याचे उत्तम उदाहरण म्हणजे एसव्ही-३० चाचणी. वातन टाकीतील एक लिटर मिश्रण सिलिंडरमध्ये घ्यायचे, ३० मिनिटे स्थिर ठेवायचे आणि खाली बसलेल्या गाळाचे आकारमान मिलिलिटरमध्ये वाचायचे. ते २५० आले आणि टाकीतील निलंबित घनपदार्थ, म्हणजे एमएलएसएस, लिटरला २,५०० मिलिग्रॅम असतील, तर गाळ आकारमान निर्देशांक असा:

२५० × १००० ÷ २५०० = १००

हा गाळ चांगला बसतो. तितक्याच एमएलएसएसला आकडा ६०० आला, तर निर्देशांक २४० होतो. गाळ फुगला आहे. बहुधा तंतुमय जीवाणू वाढलेले असतात, आणि विरघळलेला ऑक्सिजन कमी पडणे हे त्याचे एक नेहमीचे कारण. पण सिलिंडरमधला गाळ आधी नीट बसून तासाभराने वर तरंगू लागला, तर दुखणे वेगळे आहे: विनायट्रीकरणामुळे सुटलेले नायट्रोजनचे बुडबुडे तो उचलत आहेत. इथे निवळण टाकीतला गाळ लवकर काढून घ्यावा लागतो. दोन्ही वेळा बाहेर पडणारे पाणी गढूळ दिसते, उपाय मात्र वेगळे.

एका केंद्रावर मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. नोंदवहीत महिनाभर रोज २५० हाच आकडा. जिवंत गाळ असा वागत नाही. सिलिंडर मागितला, तर तो फुटून वर्ष झाले होते. ऑपरेटरवर रागावण्यात अर्थ नव्हता. त्या आकड्याचे करायचे काय, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

इथे चुकले तर पाणी बिघडते. पंपाच्या खड्ड्यात उतरताना चुकले तर माणूस जातो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास असतो, पण सुमारे १०० पीपीएमच्या पुढे नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. ‘वास गेला, म्हणजे वायू गेला’ हा समज म्हणूनच जीवघेणा आहे. उतरण्यापूर्वी यंत्राने आधी ऑक्सिजन, मग ज्वालाग्राही वायू, मग विषारी वायू मोजायचे, आणि तेही वर, मध्ये व तळाशी, कारण हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचे नाही.

सर्वांत अवघड धडा त्यानंतरचा. आतला सहकारी कोसळला की वरचा माणूस अंगभूत मायेने खाली उडी घेतो आणि दुसरा बळी ठरतो. म्हणून आत जाणाऱ्याला सुरुवातीलाच हार्नेस घालून तिपाईच्या दोराला जोडायचे, आणि वरच्याने खाली न उतरता चरखीने त्याला ओढून घ्यायचे. हे फळ्यावर सांगून हाताला येत नाही. रिकाम्या, वायू तपासलेल्या टाकीत वाळूची गोणी बांधून, घड्याळ लावून, प्रत्येक पाळीकडून हा सराव करून घ्यावा लागतो, रात्रपाळीकडूनही.