फारसी शहरात जाताना मराठी सोबत न्या

गुहागर तालुक्यातल्या धोपाव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि वाशिष्ठीची खाडी ओलांडून थोड्याच वेळात दाभोळला लागते. आज त्या बोटीत दापोलीकडे निघालेल्या गाड्या आणि बाजारहाटाला जाणारी माणसे असतात. साडेपाचशे वर्षांपूर्वी मात्र याच खाडीच्या मुखातून होर्मुझकडे जहाजे जात आणि परतीला घोडे घेऊन येत. दाभोळ हे तेव्हा बहमनी राज्याचे मोठे बंदर होते. पुढे बहमनी राज्याचा वजीर झालेला महमूद गावान १४५३ मध्ये व्यापारी म्हणून इथेच उतरला. तो कास्पियन समुद्रकाठच्या गीलान प्रांतातला. आपल्या कोकणासारखाच तो मुलूख पावसाचा, भाताचा आणि मासळीचा आहे. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी भारतातून परतताना जहाजात चढला तोही दाभोळलाच, आणि उतरला होर्मुझला. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेइदाने दाभोळ लुटून जाळले. पुढे त्या व्यापाराचे वैभव ओसरले, पण त्या वाटेने आलेले शब्द इथल्या माणसांच्या तोंडी राहिले. म्हणून फारसी बोलणाऱ्या शहराकडे निघालेल्या मराठी प्रवाशाला एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. त्याचा पहिला वाटाड्या त्याच्या घरातच आहे, आणि तो म्हणजे त्याची मराठी. मात्र या वाटाड्याचे कुठे ऐकावे आणि कुठे थांबून खात्री करावी, हे निघण्यापूर्वी समजून घ्यायला हवे.

कोकणातल्या माणसाचा फारसीशी आज संबंध तो काय, असे कोणी विचारील. रत्नागिरी जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आखाती देशांत नोकरी करतात, आणि दुबई, कुवेत, बहरीन इथल्या बाजारपेठांत मूळच्या इराणी व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे. जहाजावर नोकरी करणाऱ्याची गाठ बंदर अब्बासशी पडू शकते. इराणमधल्या चाबहार बंदराच्या शहीद बेहेश्ती धक्क्यासाठी भारताने मे २०२४ मध्ये दहा वर्षांचा करार केला. ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बे इथे वैद्यकीय शिक्षणासाठी भारतीय विद्यार्थी जातात. म्हणजे फारसी शहर म्हटले की फक्त तेहरान किंवा इस्फहान डोळ्यांपुढे आणून चालणार नाही. एकच भाषा इराणात फारसी, अफगाणिस्तानात दरी आणि ताजिकिस्तानात ताजिकी या नावाने ओळखली जाते. उझबेकिस्तानातल्या समरकंद आणि बुखारा या शहरांतही ती घराघरांत बोलतात. ताजिकी मात्र रशियन वळणाच्या सिरिलिक लिपीत लिहितात, त्यामुळे तेहरानमध्ये पाट्या वाचायला शिकलेला माणूस दुशान्बेच्या पाटीपुढे अडतो. कानावर पडणारी भाषा मात्र दोन्हीकडे ओळखीची वाटते.

ही ओळख किती खोल आहे हे पाहायला किनाऱ्यावरचेच शब्द घ्यावेत. ‘बंदर’ हा शब्द आपण जसाच्या तसा वापरतो. ‘नाखवा’ म्हणजे फारसीतला ‘नाखुदा’, जहाजाचा धनी. ‘सुकाणू’मागे मूळचा अरबी आणि फारसीतही रुळलेला ‘सुक्कान’ आहे. जहाजावरच्या ‘सारंगा’चे मूळ ‘सरहंग’, आणि आजच्या इराणात सरहंग म्हणजे लष्करातला कर्नल. कोळीगीतांतला ‘दर्या’ इराणात समुद्रच आहे, पण काबूल-दुशान्बेकडे दर्या म्हणजे नदी. अमूदर्या हे नदीचे नाव त्याच अर्थाने पडले. किनाऱ्यावरून बाजारात शिरले की हजार, हिशेब, खर्च, नमुना, दुकान, पनीर, बदाम, पिस्ता असे शब्द भेटत जातात. वारांची नावेही हाती लागतात. शनिवार ‘शंबे’, मग ‘यक’ म्हणजे एक लावून ‘यकशंबे’ हा रविवार आणि ‘दो’ लावून ‘दोशंबे’ हा सोमवार. दुशान्बे शहराचे नाव हेच. तिथे सोमवारचा बाजार भरे म्हणून गावाला ते नाव पडले. सोमवार, बुधवार, शनिवार अशा पेठांच्या पुण्याशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

उच्चाराची एक साधी खूणगाठ बांधून घेतली तर या भांडवलात आणखी भर पडते. फारसीतून आलेल्या अनेक मराठी शब्दांच्या शेवटी ‘आ’ असतो. इराणी माणूस तिथे ‘ए’ म्हणतो. आपला ‘पडदा’ तिथे ‘पर्दे’, ‘ताजा’ तिथे ‘ताज़े’, ‘नमुना’ तिथे ‘नेमूने’, ‘कारखाना’ तिथे ‘कारख़ाने’ आणि ‘हप्ता’, म्हणजे आठवडा, तिथे ‘हफ़्ते’. काबूल आणि दुशान्बेकडे मात्र शब्दाच्या शेवटी ‘अ-आ’चा जुना उच्चार टिकला आहे, म्हणजे आपल्या कानाला तिकडची बोली अधिक जवळची. हे आपल्या शब्दांचे वयही सांगते, कारण मराठीने फारसी उचलली तेव्हाचा उच्चार तिने जपून ठेवला आहे. संबोधनाची रीतही ओळखीची आहे. जवळच्या माणसाला ‘तो’, म्हणजे आपले ‘तू’, आणि मान द्यायचा असेल तर ‘शोमा’, म्हणजे ‘तुम्ही’. अनोळखी माणसाशी नेहमी ‘शोमा’नेच बोलावे. पुरुषाला ‘आगा’ आणि स्त्रीला ‘खानुम’ म्हणावे.

इथे पहिला आणि रास्त आक्षेप येतो. शेकडो वर्षांत शब्दांचे अर्थ सरकले आहेत, मग अशी अर्धवट ओळख फसवणारच की! ती फसवते, यात शंका नाही. प्रयत्नांची ‘शिकस्त’ केली असे आपण अभिमानाने म्हणतो, पण फारसीत शिकस्त म्हणजे पराभव. ‘अब्रू’ फारसीत भुवई आहे, आणि आपल्याला अभिप्रेत असलेल्या प्रतिष्ठेला ‘आबेरू’ म्हणतात. ‘चष्मा’ मागितला तर पाण्याचा झरा दाखवतील, ‘दुर्बीण’ म्हटले तर कॅमेरा समजतील आणि ‘तमाशा’ म्हणजे नुसते पाहणे. ‘गुलाब’ हे तिथे गुलाबपाणी, फूल म्हणजे ‘गुल’. टॅक्सीवाला ‘मैदान’ म्हणतो ते क्रीडांगण नसून वाहतुकीचा चौक असतो. ‘दरवाज़े’ म्हणजे घराचे दार नव्हे, शहराची वेस. सगळ्यांत महत्त्वाचा शब्द ‘दारू’. फारसीत दारू म्हणजे औषध, आणि इराणी रस्त्यावर ‘दारूख़ाने’ अशी पाटी दिसली तर ते औषधाचे दुकान असते. आपल्याकडे मुंबईचा दारूखाना तोफांच्या दारूवरून ओळखला गेला आणि बोलण्यातली दारू मद्याकडे वळली. इराणात मद्याला कायद्याने बंदी आहे, तेव्हा तापाने फणफणलेल्या प्रवाशाला हा फरक माहीत असणे फार गरजेचे. पण या आक्षेपाचे उत्तरही मराठीतच आहे. आजाऱ्याची ‘दवादारू’ करणे हा शब्दप्रयोग आपण आजही करतो आणि त्या जोडशब्दात दारूचा जुना अर्थ शाबूत आहे. मराठीचे असे जुने थर ज्याला दिसतात तो परक्या पाटीपुढे गोंधळत नाही. फसतो तो आपल्याच शब्दांकडे कधी थांबून न पाहिलेला माणूस.

शब्दांचे जे, तेच रीतीभातीचे. इराणी शिष्टाचारात ‘तआरोफ’ नावाची एक प्रथा आहे आणि परदेशी प्रवासी तिथे हमखास अडखळतात. दुकानदाराला किंमत विचारली की तो ‘काबेली नदारे’ म्हणतो, म्हणजे तुमच्यापुढे याची काय किंमत! टॅक्सीवालाही हेच म्हणतो. हे ऐकून पैसे न देता निघून जाणे हा मोठा असभ्यपणा ठरतो. आपण पुन्हा विचारायचे, गरज पडल्यास तिसऱ्यांदा, आणि मग सांगितलेली रक्कम द्यायची. घरी बोलावले तरी पहिल्या बोलावण्याला लगेच हो म्हणू नये. दोनतीनदा आग्रह झाला तर तो मनापासूनचा समजावा. पाश्चात्त्य प्रवासवर्णनांत या प्रथेला अनेकदा कोडे म्हटले जाते. कोकणातल्या माणसाला हे कोडे वाटायचे कारण नाही. दारात आलेल्याला ‘जेवूनच जा’ म्हणणे, पाहुण्याने ‘आत्ताच झालंय’ म्हणणे, यजमानाने पुन्हा गळ घालणे आणि त्यातून खरी इच्छा ओळखणे हे आपल्या ओटीवर रोज चालते. पंगतीत पहिल्यांदा ‘नको’ म्हटलेल्याच्या पानात वाढणारी माणसे आपण. एवढे लक्षात ठेवावे की तिथे ही रीत पैशाच्या व्यवहारातही चालते. पाव किंवा भाकरी जमिनीवर पडलेली दिसली तर उचलून बाजूला ठेवण्याची रीत तिथेही आहे, आणि घरात शिरताना पादत्राणे दाराशी काढतात. भाताच्या भांड्याच्या तळाची खरपूस खरवड, म्हणजे ‘तहदीग’, पाहुण्याला मानाने देतात. ती नाकारू नये.

काही बाबतींत मात्र घरचा अनुभव पुरत नाही, तिथे नियमच पाठ करावे लागतात. इराणात अधिकृत चलन रियाल आहे, पण बोलण्यात भाव तोमानमध्ये सांगतात. एक तोमान म्हणजे दहा रियाल, तेव्हा आकडा कशातला आहे हे प्रत्येक वेळी विचारून घ्यावे. निर्बंधांमुळे आपली बँक कार्डे तिथे चालत नाहीत. पुरेल एवढे परकीय चलन रोख जवळ बाळगावे लागते. सुट्टीचा वार शुक्रवार. वर्ष वसंतसंपाताला, २० किंवा २१ मार्चला, नवरोजने सुरू होते, आणि त्यानंतरचे सुमारे दोन आठवडे कार्यालये व दुकाने यांच्या भरवशावर कामे ठरवू नयेत. आपल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेतला १ चैत्र २२ मार्चला आणि लीप वर्षी २१ मार्चला येतो, त्यामुळे इराणी ‘फर्वर्दीन’ महिना आपल्या सौर चैत्राला जवळजवळ चिकटून चालतो. तिथली तारीख समजून घ्यायला ही जुळणी उपयोगी पडते. पोशाखाच्या बाबतीत इराणी कायदा स्त्रीने डोके झाकावे असे सांगतो. पुरुषांनीही अर्धी चड्डी टाळावी. याच्या उलट, ताजिकिस्तानने २०२४ मध्ये परक्या संस्कृतीच्या म्हटलेल्या पोशाखांविरुद्ध कायदा केला आणि त्याचा रोख हिजाबवर होता. एका भाषेची दोन शहरे याबाबतीत दोन टोकांना उभी आहेत. परस्त्रीपुढे पुरुषाने हस्तांदोलनासाठी आपणहून हात करू नये. बंदरे, लष्करी आणि सरकारी इमारती यांची छायाचित्रे घेऊ नयेत. शाकाहारी माणसाने ‘गूश्त नेमीख़ोरम’, म्हणजे मी मांस खात नाही, हे वाक्य पाठ करावे. ‘गोश्त’ आपल्याला ठाऊकच आहे. तरी भाजीच्या रश्शात मांसाचा अंश आहे का, हे वेगळे विचारावे.

दुसरा आक्षेप अधिक भावनिक आहे. फारसी शब्द हे परक्या सत्तेचे ओझे आहे, त्याचा अभिमान कसला? छत्रपती शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात दरबारातल्या सुमारे चौदाशे शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. तिथूनच त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली आणि ‘तारीख’ऐवजी ‘दिनांक’, ‘शहीद’ऐवजी ‘हुतात्मा’ असे शब्द रूढ केले. या प्रयत्नांमागे स्वाभिमान होता आणि त्यांनी मराठीला सुंदर शब्द दिले, हे मान्यच करायला हवे. पण प्रतिशब्द देण्यासाठी रघुनाथ पंडितांना आधी मूळ शब्द नेमका ओळखावा लागला. कवी माधव जूलियन यांचे उदाहरण तर बोलके आहे. फारसीचे प्राध्यापक असलेल्या या माणसाने १९२५ मध्ये फार्सी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे तोच भाषाशुद्धीचा पुरस्कर्ता झाला. फारसी जाणणे आणि मराठी जपणे ही दोन्ही कामे एकाच माणसाने निष्ठेने केली. शब्द वापरावा की टाळावा हा प्रत्येकाचा निर्णय असू शकतो. त्याचे मूळ आणि आजचा अर्थ जाणणे मात्र दोघांनाही उपयोगाचे, आणि प्रवाशाला तर अटळ.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि त्याला भाषेचे प्रेम हे उत्तर होऊ शकत नाही. इराणने ४ फेब्रुवारी २०२४ पासून भारतीय पर्यटकांना दिलेली व्हिसामाफी २२ नोव्हेंबर २०२५ पासून थांबवली. नोकरीचे किंवा पुढच्या देशात पोहोचवण्याचे आमिष दाखवून भारतीयांना इराणात नेल्याचे आणि खंडणीसाठी अपहरण केल्याचे प्रकार समोर आले होते. परदेशी नोकरीची ओढ असलेल्या कोकणातल्या तरुणांनी हे विशेष लक्षात ठेवावे. व्हिसा लागत नाही असे सांगणाऱ्या दलालावर विसंबू नये, आणि परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना पाहिल्याशिवाय तिकीट काढू नये. मंत्रालय जाऊ नका म्हणत असेल तर जाऊ नये. शहरे शतकानुशतके जागेवर आहेत, प्रवास पुढे ढकलता येतो.

तोवर तयारीला मोकळीक आहे. मोल्सवर्थच्या मराठी शब्दकोशात परभाषेतून आलेल्या शब्दांपुढे मूळ भाषेची खूण केलेली असते. तो उघडून रोजच्या बोलण्यातले पन्नास फारसी शब्द वहीत उतरवावेत, आणि समोर त्यांचा आजचा इराणी उच्चार व अर्थ लिहावा. अर्थ जुळतो तिथे निर्धास्त बोलावे, जुळत नाही तिथे लाल रेघ ओढावी. शिकस्त, अब्रू, चष्मा, दारू यांच्याखाली ती रेघ पडेल. बंदर, हजार, हिशेब, पनीर, सलाम यांच्याखाली पडणार नाही. दाभोळला जहाजातून उतरलेल्या व्यापाऱ्याला इथल्या नाखव्याशी बोलायला दुभाष्या लागत असेल, पण त्याचे काही शब्द दुभाष्याशिवाय किनाऱ्यावर राहिले. त्यातले कोणते परत नेता येतात आणि कोणते बदलून गेले आहेत, एवढे ज्याने तपासले तो फारसी शहरात पाहुणा असेल, पण अगदीच अनोळखी नसेल.