भयानकाचे रसिक

ऑक्टोबर महिना लागला की अमेरिकेतील घरांच्या पायऱ्यांवर केशरी भोपळे येऊन बसतात. त्यांच्या पोटातील गर काढून टाकलेला असतो, सालीवर डोळे, नाक आणि विचकलेले दात कोरलेले असतात. आणि रात्री आत मेणबत्ती ठेवली की ते मस्तक अंधारात हसू लागते. अंगणातील झाडांना कापडी भुते टांगली जातात, हिरवळीतून सांगाड्याचा हात वर येतो. महिन्याच्या अखेरच्या दिवशी, ३१ तारखेस, तिन्हीसांजा झाल्या की मुले चेटकिणीची टोपी किंवा पांढरी चादर चढवून दारोदार फिरतात आणि गोळ्या-चॉकलेटांनी झोळी भरून घरी परततात. या सणाचे नाव हॅलोविन. दुसऱ्या दिवशी भोपळे केराच्या गाडीत पडतात आणि बहुतेकांच्या लेखी भुतांचा हंगाम संपतो.

बहुतेकांच्या लेखी, सर्वांच्या नव्हे. त्या देशात एक वर्ग असा आहे की ज्याच्या घरी बारा महिने ऑक्टोबरच नांदत असतो. जुने भयपट पुन्हा पुन्हा पाहावेत, मुखवटे जमवावेत, गावोगावच्या भुतांच्या गोष्टी टिपून ठेवाव्यात, यातच त्याचा आनंद. अशा माणसाची गोष्ट निघाली की आपल्याकडील वडील मंडळी नाक मुरडतात. त्या नाक मुरडण्यात थोडे तथ्य आणि पुष्कळसा गैरसमज आहे असे मला वाटते, आणि तो दूर व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम या सणाचे कूळ पाहू. ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस. गोव्यातील कॅथलिक कुटुंबे त्या सुमारास कबरींवर फुले वाहतात व मेणबत्त्या लावतात, हे तिकडील वाचकांनी पाहिलेच असेल. सर्व संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या ती हॅलोविन. नावाचा अर्थही तोच. परंतु आयर्लंडात याच वेळी साउइन नावाचा एक प्राचीन सण होता. पीक घरात आले, गुरे डोंगरावरून खाली आणली, आता वर्षाचा काळोखा अर्धा सुरू व्हावयाचा, अशी ती रात्र. मध्ययुगीन आयरिश कथांत या रात्री टेकड्यांची दारे उघडतात आणि पलीकडच्या जगातील मंडळी बाहेर पडतात. उंबरठ्यावर बसू नये असे आपल्या आज्या बजावीत असत. ऋतूंच्या उंबरठ्याविषयीही माणसास तसेच काही वाटत आले असावे.

मात्र ती रात्र केवळ भयाची होती असे समजू नये. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीने १७८५ साली हॅलोविनवर एक दीर्घ काव्य लिहिले. त्यात भुतांपेक्षा लग्नाळू तरुण-तरुणींचीच गडबड अधिक आहे. दोघांच्या नावाने दोन कवचीची फळे चुलीत टाकावयाची. ती शेजारी शेजारी शांतपणे जळली तर संसार सुखाचा, एखादे फट्‌दिशी उडून दूर पडले तर जमलेले मोडले! भय आणि थट्टा ही या सणात आरंभापासून हातात हात घालून चालत आली आहेत.

भोपळ्याची कथाही अशीच. जॅक नावाचा एक लबाड कंजूष होता; त्याने सैतानाला फसवून, ‘मी तुला कधीही नेणार नाही’ असे वचन त्याच्याकडून घेतले. पुढे जॅक मेला. स्वर्गाने त्याला घेतले नाही आणि सैतानाने वचन पाळले! तेव्हापासून तो बिचारा एका पोखरलेल्या कंदात निखारा घेऊन अंधारात भटकतो आहे. आयर्लंड-स्कॉटलंडात हा दिवा सलगमाचा करीत. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक रोगाने बुडाले, भयंकर दुष्काळ पडला, सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. अमेरिकेत गेलेल्यांनी आपली भुतेही बरोबर नेली. तेथे त्यांना भोपळा मिळाला, मोठा आणि कोरावयास सोपा. सलगमाचा सुरकुतलेला चेहरा त्याहून कितीतरी भेसूर दिसतो, हे मात्र खरे.

अमेरिकेत प्रथम या रात्री पोरांचा धुडगूसच चाले. खाऊ द्या, नाही तर खोडी काढू, असा लाडिक दम देण्याची प्रथा पुढे रूढ झाली. कॅनडातील वर्तमानपत्रांत १९२० च्या दशकात हे शब्द आढळतात. १९५० साली फिलाडेल्फियातील काही मुलांनी दुधाचे रिकामे डबे हाती घेऊन खाऊऐवजी नाणी मागितली आणि जमलेले १७ डॉलर युनिसेफकडे पाठविले. पुढे लक्षावधी मुलांनी त्यांचा कित्ता गिरविला.

असो. सण वर्षातून एकदा येतो. बाराही महिने भयाचा आस्वाद घ्यावयाचा तर त्याला कलेचा आधार हवा. तो विसाव्या शतकात चित्रपटाने दिला. १९३१ साली ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे दोन्ही चित्रपट एकाच वर्षी आले. दुसऱ्यातील राक्षसाचे ते चपट्या माथ्याचे, जड पापण्यांचे तोंड रंगभूषाकार जॅक पिअर्स याने बोरिस कार्लॉफच्या चेहऱ्यावर रोज तासन्‌तास खपून उभे केले. ज्याला या विषयाची गोडी लागते तो अशा गोष्टींच्या शोधात असतो. सामान्य प्रेक्षक दचकतो आणि विसरतो. रसिक दचकतो आणि विचारतो, ‘हे केले कसे?’

१९७८ साली जॉन कार्पेंटर याने काढलेल्या ‘हॅलोविन’ चित्रपटाचेच पाहा. पैसा तुटपुंजा, सुमारे सव्वातीन लाख डॉलर. कथा शरदातील, चित्रण मात्र वसंतात आणि तेही कॅलिफोर्नियात. तेव्हा वाळल्यासारखी दिसणारी पाने रंगवून तयार केली. ती रस्त्यावर पसरावयाची, दृश्य आटोपले की गोळा करावयाची आणि पुढच्या दृश्यासाठी पुन्हा पसरावयाची! खुन्याचा मुखवटा दोन डॉलरांहून कमी किमतीत दुकानातून आणलेला. तो होता ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील कप्तान कर्क याचा. त्याच्या भुवया काढल्या, डोळ्यांची भोके रुंद केली, वर पांढरा रंग फासला आणि एका देखण्या नटाचा चेहरा निर्विकार मृत्यूसारखा दिसू लागला. संगीत कार्पेंटरने स्वतःच रचले, पाच मात्रांच्या लयीत. त्यामुळे पाऊल कोठे पडावे हे ऐकणाऱ्यास कळतच नाही आणि तो अस्वस्थ होतो. १९६० च्या ‘सायको’त हिचकॉकने रक्ताच्या जागी चॉकलेटचा पाक वापरला आणि सुरीच्या घावांचा आवाज खरबुजात सुरी खुपसून मिळविला. हे सारे ठाऊक झाल्यावर भीती नाहीशी व्हावी. पण होत नाही. तीच तर गंमत आहे.

या रसिकांचा जणू कुलगुरू म्हणजे फॉरेस्ट जे. अ‍ॅकरमन (१९१६–२००८). वयाच्या नवव्या वर्षी, १९२६ साली, त्याने विज्ञानकथांचे एक मासिक विकत घेतले आणि तेव्हापासून जमविण्याचे वेड लागले ते जन्मभराचे. लॉस एंजेलिस येथील त्याच्या अठरा खोल्यांच्या घरात पुस्तके, भित्तिपत्रके, मुखवटे आणि चित्रपटांत वापरलेल्या वस्तू यांचा एवढा पसारा झाला की माणसांना जागा उरली नाही. ड्रॅक्युलाची भूमिका करणाऱ्या बेला लुगोसीची अंगठी तो स्वतःच्या बोटात घालीत असे. नवल याचे, की शनिवारी हे घर तो कोणाही पाहुण्यास मोफत दाखवी. कुलूप लावून ठेवावयाचा संग्रह त्याला मान्यच नव्हता.

१९५८ साली त्याच्या संपादकत्वाखाली ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ हे नियतकालिक निघाले. काळ अनुकूल नव्हता. चारच वर्षांपूर्वी, १९५४ साली, भयकथांच्या चित्रपुस्तिकांमुळे मुले बिघडतात काय याची चौकशी खुद्द अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीने केली होती आणि त्या पुस्तिकांचे प्रकाशन जवळजवळ बंद पडले होते. अ‍ॅकरमनने मुलांना राक्षसांची चित्रे दाखविली, पण त्यांच्यामागचे कारागीरही दाखविले: हा मुखवटा कोणी घडविला, तो नट मूळचा कोण, ही युक्ती कशी साधली. त्या अंकांवर वाढलेली मुले बिघडली काय? रंगभूषेचे स्वतंत्र वार्षिक ऑस्कर पारितोषिक सुरू झाल्यावर ते सर्वांत आधी मिळविणारा रिक बेकर हा त्यांपैकीच एक. दुसरा एक मुलगा स्वतः लिहिलेली कथा पाठवून बसला. ती साभार नाकारली गेली. संपादकाने ती जपून ठेवली आणि कित्येक वर्षांनी तिच्यावर लेखकाची स्वाक्षरी घेतली. त्या मुलाचे नाव स्टीफन किंग. अ‍ॅकरमनच्या मृत्यूनंतर मात्र तो संग्रह लिलावात विखुरला, ही मनाला चुटपुट लावणारी गोष्ट होय.

भयकथेचा नाद माणसाला लोककथेकडे नेतो आणि तेथे आपली वाट त्याच्या वाटेस मिळते. वेताळपंचविशी आपणांस लहानपणापासून ठाऊक असते. तीतील काही कथा रिचर्ड बर्टन याने १८७० साली इंग्रजीत आणल्या आणि वेताळाला ‘व्हँपायर’, म्हणजे रक्त पिणारा पिशाच, असे नाव दिले. ‘ड्रॅक्युला’चा लेखक ब्रॅम स्टोकर बर्टनला भेटला होता, बोलताना बर्टनचा सुळा कसा चमके, याचे वर्णन त्याने आपल्या आठवणींत केले आहे. गंमत ही, की इंग्रजी वाचकांना रक्तपिपासू म्हणून भेटलेला हा वेताळ गोव्यातील अनेक गावांत रक्षक देव म्हणून पुजला जातो! मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयकथा व गूढकथा यांना स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली, हे वाचकांस सांगावयास नकोच.

आता मूळ प्रश्न. भय ही दुःखद भावना. तिच्यापासून आनंद कसा? आपल्या साहित्यशास्त्राने भयानकाला रसांत स्थान दिले आहे, आणि काश्मीरच्या अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी याचा उलगडा केला तो शाकुंतलातील हरिणाच्या उदाहरणाने. दुष्यंताच्या बाणापुढे ते हरिण पळते आहे. त्याचे भय प्रेक्षकास जाणवते. पण ते ‘माझे’ नसते, मित्राचे नसते, शत्रूचेही नसते. विशिष्ट स्थळकाळापासून सुटलेले निव्वळ भय मनासमोर उभे राहते आणि त्याचा आस्वाद घेता येतो. प्रेक्षक खुर्चीवरून उठून पळत नाही, यातच सारे आले. पांढऱ्या चादरीतील पोराला पाहून किंचाळणारी शेजारीणही हेच जाणते.

पण हे जाणणे सुटले तर काय होते? त्याचे उत्तर अमेरिकेतीलच सेलम गावी मिळते. १६९२ साली तेथील काही मुलींना झटके येऊ लागले. चेटूक झाले असा बोभाटा उठला. अमकीची आकृती रात्री येऊन मला छळते, एवढे सांगणेही न्यायालयात पुरावा ठरले. दीडशेहून अधिक माणसांवर आरोप आले. एकोणीस जणांना फाशी झाली. जाइल्स कोरी या वृद्धाने न्यायासनापुढे बोलण्याचे नाकारले म्हणून छातीवर दगड रचून त्याचा जीव घेतला गेला. काही तुरुंगातच मेले. चारपाच वर्षांच्या एका पोरीलाही कोठडीत डांबले होते. २९ ऑक्टोबर १६९२ रोजी गव्हर्नरने ते न्यायालय बरखास्त केले. तेथे मुखवटा नव्हता, पडदा नव्हता, खेळ संपल्याची खूण नव्हती. भय खरे मानले गेले होते. हे केवळ दूरदेशीचे आणि जुने, असे आपणांस म्हणता येत नाही; जादूटोण्याच्या नावाने होणाऱ्या छळाविरुद्ध महाराष्ट्रास २०१३ साली आणि कर्नाटकास २०१७ साली कायदा करावा लागला. वडील मंडळींच्या भीतीत जे तथ्य म्हटले ते हे. परंतु मुखवटे जमविणारा त्या मुखवट्यास भीत नाही आणि शेजारणीस चेटकीण ठरवीत नाही.

आज तेच सेलम हॅलोविनची राजधानी झाले आहे. ऑक्टोबरभर तेथे चेटकिणीच्या टोप्या घातलेल्यांची रीघ लागते. पोलिसांच्या गाड्यांवरही झाडूवर बसलेली चेटकीण रंगविलेली आहे. हे मला काहीसे खटकते. तथापि १९९२ साली त्याच गावाने बळींचे स्मारक उभारले: एका भिंतीतून पुढे आलेली दगडी बाके, प्रत्येकावर एकाचे नाव आणि मृत्यूची तारीख.

त्या खटल्यांतील एक नाव मात्र दोषमुक्तांच्या यादीत यावयाचे राहून गेले होते. बावीस वर्षांची एलिझाबेथ जॉन्सन; तिला शिक्षा झाली, फाशी टळली, पण कलंक तसाच राहिला. शेजारच्या नॉर्थ अँडोव्हर येथील शाळेत आठवीच्या मुलांना अभ्यासात ही गोष्ट आढळली. त्यांनी जुने कागद वाचले, पत्रे लिहिली, विधिमंडळात विधेयक यावे म्हणून खटपट केली. एका वर्षाच्या वर्गाने सोडलेले सूत्र पुढच्या वर्षाच्या वर्गाने उचलले. जुलै २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्‌स राज्याने तिला निर्दोष ठरविले, शिक्षेनंतर ३२९ वर्षांनी. तिला मूलबाळ नव्हते. तिच्यासाठी अर्ज करावयास वंशज कोणी उरला नव्हता. ते काम आठवीच्या वर्गाने केले.