‘मेडिकल’ कोणासाठी असते?

पुणे–बेंगळुरू महामार्गावरचं, नीरेकाठचं शिरवळ आता कारखान्यांसाठी ओळखलं जातं. इथं नोकरी लागायची म्हटलं, की मुलाखतीनंतर एक पायरी येते, ‘मेडिकल’. तिच्यात नेमकं काय तपासतात आणि त्याचा आपल्याला काय उपयोग, हे आज आपण समजून घेऊ.

‘हा माणूस ठणठणीत आहे का?’ एवढाच प्रश्न डॉक्टरपुढे नसतो. स्वतःला आणि शेजारच्याला इजा न होता हा माणूस हे ठरावीक काम करू शकेल का, हा खरा प्रश्न. म्हणून कामाप्रमाणे तपासणी बदलते. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याची नजर बघतात. रंगीत वायरी जोडणाऱ्याला ठिपक्यांच्या चित्रांतले आकडे ओळखायला लावतात. उंचावर चढणाऱ्याला चक्कर किंवा फिट येते का, हे विचारतात. रंगाच्या फवारणीवर जाणाऱ्याला नळीत जोरात फुंकायला लावून फुफ्फुसांची ताकद मोजतात. प्रेस शॉपसाठी कान तपासतात. आता बघा, लाल-हिरवा रंग न ओळखणारा मुलगा वायरिंगला नापास होईल; पण माल भरण्याच्या कामाला त्याला अडवायचं कारण काय?

मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली हाच मुद्दा धरला. एका सार्वजनिक कंपनीतल्या हंगामी कामगाराला एचआयव्हीची बाधा आढळली आणि त्याचं काम गेलं. न्यायालयाने सांगितलं, की जो काम करू शकतो आणि ज्याच्यापासून इतरांना खरा धोका नाही, त्याला केवळ या बाधेमुळे नोकरी नाकारता येणार नाही. पुढे २०१७ च्या कायद्याने नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यालाच मनाई केली.

आता दुसरी बाजू. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात बदल झाले. घातक पदार्थांच्या कामावर लावण्याआधी तपासणी, काम चालू असताना आणि सोडल्यावरही जास्तीत जास्त बारा महिन्यांच्या अंतराने तपासणी, अशी तरतूद आली. म्हणजे पहिली तपासणी ही पुढच्या सगळ्या तपासण्यांची सुरुवातीची खूण असते.

समजा, दहा वर्षं प्रेसवर काम केल्यावर ऐकू कमी यायला लागलं. आवाजामुळे आलेला बहिरेपणा भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार मानला आहे. पण ‘याचे कान आधीपासूनच अधू होते’ असं कोणी म्हणालं, तर उत्तर कशाने द्यायचं? रुजू होतानाच्या कागदाने. कंत्राटदार बदलतात, फायली हरवतात. म्हणून अहवालाची प्रत मागून घ्यायची आणि घरी जपून ठेवायची.

आणखी दोन गोष्टी. आदल्या रात्री डीजेपुढे नाचून सकाळी कान तपासायला जाऊ नका. तेवढ्यापुरतं ऐकू कमी येतं आणि तीच नोंद होते. आणि बीपीची गोळी चालू असेल तर लपवू नका. डॉक्टरला ठाऊक असेल, तरच तो भट्टीऐवजी दुसरं काम सुचवू शकेल.