वडखळची हवा आणि टर्बोचा दम

मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागचा रस्ता जिथे फुटतो, त्या वडखळच्या नाक्यावर डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे जाणाऱ्या अवजड गाड्यांची रांग नेहमीचीच. या ट्रक-ट्रेलरांच्या जाळीमागे इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबून तापलेली हवा थंड करणारा भाग, असतो. टाटाच्या ६९७ टीसीआयसी (टर्बोचार्ज्ड इंटरकूल्ड) इंजिनाच्या तर नावातच तो आहे. डिझेल ट्रकने फार पूर्वी स्वीकारलेला हा भाग छोट्या पेट्रोल गाड्यांत मात्र अलीकडे आला. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली पोलो जीटी टीएसआय २०१३मध्ये आली. पुढे बलेनो आरएस, टियागो जेटीपी, आय२० एन लाइन, अल्ट्रोझ आयटर्बो अशी रांग लागली. या गाड्यांवर प्रेम करणारे हौशी आता कंपनीचा इंटरकूलर काढून मोठा बसवतात आणि पुष्कळदा ते घरच्या अंगणातच. काम अवघड असले तरी आवाक्यातले आहे. मात्र त्यातून काय मिळणार, हे गाडीइतकेच हवेवरही ठरते. वडखळची हवा या बाबतीत फार बोलकी आहे.

टर्बो धुराच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात जाणारी हवा दाबतो. हवा दाबली की तापते. समजा बाहेर ३५ अंश सेल्सिअस आहे, टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला आणि त्याच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के आहे, तर हवा साधारण १३० अंशांवर पोहोचते. तापलेली हवा विरळ असते, म्हणजे तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी मावतो. इंटरकूलरने वाढलेल्या तापमानापैकी ७० टक्के उतरवले, तर हवा ६४ अंशांवर येते आणि सुमारे २० टक्के दाट होते. अर्थात इंटरकूलरच्या अरुंद वाटांतून जाताना थोडा दाब हरवतो, त्यामुळे या नफ्यातला काही भाग तिथेच खर्च होतो.

पण ही २० टक्के कमाई कंपनीच्या इंटरकूलरने आधीच करून दिलेली आहे. बाजारातला मोठा इंटरकूलर त्यावर किती भर घालतो? ६० टक्के उतरवणारा काढून ८० टक्के उतरवणारा बसवला, तर हवा आणखी १९ अंशांनी थंड आणि जेमतेम ६ टक्के दाट होते. मला मोठा फायदा दुसरीकडे दिसतो. आत जाणारी हवा फार तापली की पेट्रोल नको त्या क्षणी पेटते, म्हणजे नॉकिंग होते. इंजिनाचा संगणक, ईसीयू, ते ओळखतो आणि ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचते, पण गाडी ओढत नाही. मे महिन्यात पिकअप गेल्यासारखी वाटते ती यामुळेच. चांगला इंटरकूलर नवी ताकद देण्यापेक्षा उन्हाने हिरावलेली ताकद परत करतो.

११० पीएसच्या इंजिनात पूर्ण जोरात सेकंदाला साधारण ८५ ग्रॅम हवा जाते. ती १३० वरून ६४ अंशांवर आणायची, तर साडेपाच किलोवॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकावी लागते. घरातले पावणेतीन गिझर एकदम चालू असावेत, एवढी ही उष्णता. ती वाहून नेणार समोरून येणारा वारा. नाक्यावर गाडी रांगेत उभी राहिली की तो वाराच नसतो. मागून रेडिएटरची आणि इंजिनाची धग येते आणि अ‍ॅल्युमिनियमचा गाभा तापत राहतो. रांग सुटल्यावर ट्रेलरला ओलांडायला जावे, तर इंटरकूलर गरमच असतो. उलट गाडी आधीपासून धावत असेल, तर जड गाभ्याचा फायदा होतो: पाच किलोचा गाभा एक अंश तापायला साडेचार किलोज्यूल खातो. म्हणजे वाऱ्याची मदत धरली नाही तरी दहा सेकंदांच्या ओव्हरटेकमध्ये तो फार तर बारा-तेरा अंशांनी तापतो. जड गाभा उशिरा तापतो आणि उशिरा निवतो. रोज याच रस्त्याने जाणाऱ्याने वजनदार माल म्हणजे चांगला माल, असे समजू नये.

आता दमटपणा. धरमतरच्या खाडीलगतचा, खारभूमीतल्या भातशेतीचा हा मुलूख. ३५ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना हवेतली जवळजवळ चार टक्के जागा पाण्याच्या वाफेने अडवलेली असते. तिथे प्राणवायू नाही आणि कोणताही इंटरकूलर तो आणून देऊ शकत नाही. पावसाळ्यात तर आणखी एक गमतीची, पण काळजीचीही गोष्ट घडते. हवा २७ अंशांची आणि जवळपास ओलीचिंब असेल, तर दाब दुप्पट झाल्यावर तिचा दवबिंदू ३८ अंशांवर चढतो. बाहेरच्या पातळ धातूच्या पंखांवर पाऊस झेलणाऱ्या मोठ्या इंटरकूलरने हवा त्याखाली नेली की आतल्या आत पाणी सुटते आणि तळाशी साचते. मग पाय दाबला की ते एकदम इंजिनात ओढले जाते आणि इंजिन अडखळते. अमेरिकेत फोर्डच्या एफ-१५० पिकअपच्या ३.५ लिटर इकोबूस्ट इंजिनाबाबत अशाच तक्रारी झाल्या होत्या आणि त्यावरचा एक उपाय इंटरकूलरवरचा वारा काहीसा अडवणे हा होता. म्हणून कोकणात इंटरकूलर जितका मोठा तितका चांगला, हे मला पटत नाही. कंपनीच्या मापापेक्षा थोडा मोठा पुरे.

बसवण्याआधी आपल्या गाडीची रचना पाहावी. पोलोच्या १.२ टीएसआयमध्ये इंटरकूलर पाण्याने थंड होतो आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला असतो. तिथे समोर हवेचा इंटरकूलर टाकायचा, तर सगळी नळजोडणी बदलते. ते अंगणातले काम नव्हे. आय२० टर्बोसारख्या गाडीत तो पुढेच असतो, म्हणून सोपे.

काम सुरू करण्याआधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गाडीखाली जायचे तर नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नये, जॅक स्टँड लावावेत. चाकाच्या कमानीतले स्क्रू, जाळीवरच्या क्लिपा आणि फॉगलॅम्पचे कनेक्टर सोडवले की बंपर पुढे ओढता येतो. एसीचा कंडेन्सर शेजारीच असतो. त्याच्या गॅसच्या नळ्यांना हात लावू नये. बंपरमागची धातूची आडवी पट्टी धडकेत आपला जीव वाचवते. ती कापल्याशिवाय बसत नसेल, तर तो इंटरकूलर परत करावा. तापमान-दाबाचा सेन्सर नव्या जागी बसवताना त्याची रबरी रिंग चिरलेली नाही ना, ते पाहावे. होजची तोंडे तेलाचा अंशही न ठेवता पुसावीत, कारण तेलकट होज दाबाखाली निसटतो. शेवटी थोड्या दाबाची हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी टाकावे. बुडबुडे आले तर क्लॅम्प पुन्हा बसवावा. बारीक गळतीही नव्या इंटरकूलरची सगळी कमाई खाते, कारण हरवलेला दाब भरून काढायला टर्बोला जास्त फिरावे लागते आणि हवा आणखी तापते.

वॉरंटीतल्या गाडीत हा उद्योग करू नये. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालते, म्हणून पेणच्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी विचारून घ्यावे.

खर्च करण्यापूर्वी मात्र मोजावे. गाडीतले दोष तपासायच्या ओबीडी सॉकेटला लावायचे छोटे यंत्र आणि मोबाइल एवढ्यावर आत जाणाऱ्या हवेचे तापमान दिसते, फक्त सेन्सर इंटरकूलरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला आहे ना, हे बघून घ्यावे. वडखळ-पेण रस्त्यावर सोबत्याने आकडे टिपावेत, एकदा सकाळी मोकळ्या रस्त्यावर आणि एकदा दुपारच्या रांगेतून सुटल्यावर. धावत्या गाडीत आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनीच गरम असेल, तर कंपनीचा इंटरकूलर आपले काम नीट करतो आहे. फरक चाळीसच्या वर जात असेल, तर आधी पंखांत अडकलेली धूळ आणि चिखल हलक्या धारेने धुऊन पुन्हा मोजावे. एवढ्यानेही आकडा उतरला नाही, तरच नव्या इंटरकूलरचा विचार करावा. बसवलाच, तर पावसाळ्यात अधूनमधून खालचा होज सोडून साचलेले पाणी आणि तेल काढून टाकावे.